दारातल्या फोटोचा हार
झेंडूचा वास आला की मला रोह्यातलं ते फोटोंचं प्रदर्शन आठवतं. मी तिथे आलेल्या गटांना फिरवून फोटो समजावून सांगायचे. उद्घाटनाला आम्ही हौसेने दारातल्या सर्वांत मोठ्या फोटोलाच हार घातला. फोटोत धरमतरच्या मिठागरावरचा एक म्हातारा, उन्हाने डोळे बारीक केलेला. दुसऱ्या दिवशी खाडीकाठच्या गावाचा गट आला, त्यात तोच म्हातारा होता. हार बघून तो नुसता हसला, पण त्याच्या बायकोने तो ओढून काढला आणि माझ्या हातात कोंबला. "माणूस जिता हाय गो अजून!" मी माफी मागितली. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी ती एकटीच आली, झेंडूचा हार घेऊन. म्हणाली, "आता तूच घाल." मी घातला. पण त्या दिवशी पहिल्या हाराबरोबर त्याचा अपशकुनही खरंच निघाला होता का, हे मला अजून कळलेलं नाही.