आपल्याच वखारीला बर्फ

एकाच मालकाचा बर्फाचा कारखाना आणि मासळीची वखार, मध्ये फक्त एक कुंपण. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी चौलहून सायकलने यायचो, कारखान्यात कारकून होतो. वखार सांभाळायला एक कोळीण मावशी होती. बोटींवरची मासळी घ्यायची, बर्फात भरायची आणि लाँचने मुंबईला धाडायची, हे तिचं काम. हाताखाली दहा-बारा बाया. सगळ्यांची चूल त्या वखारीवर.

नियम मालकाचा, म्हणजे मुंबईच्या साहेबांचा. बाहेरच्याने रोख टाकून हवा तेवढा बर्फ न्यावा. वखारीला मात्र रोजच्या ठरलेल्या लाद्या. वर एक जरी हवी असली तरी मुंबईची चिठ्ठी पाहिजे. "आपल्याच माणसांवर जास्त नजर ठेवावी लागते," असं ते म्हणायचे. मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटायचं. गाढव होतो, दुसरं काय!

शिमगा झाल्यावर एकदा बोटी पापलेटांनी भरून आल्या आणि नेमकी त्याच दिवशी लाँच आली नाही. मासळी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकवायची तर दुप्पट बर्फ हवा. मावशी धावत माझ्या खिडकीशी आली. पुन्हा माल नासला तर वखार बंद, अशी ताकीद तिला आधीच मिळाली होती.

"दादा, बरफ दे रे. बायांच्या पोटाचा सवाल हाय."

"चिठ्ठी आण, मावशी."

"चिठ्ठी लाँचवरनं येते. लाँच कुठं हाय?"

माझ्या पाठीमागे लाद्या पाझरत होत्या. तेवढ्यात एक परका व्यापारी आला आणि रोख देऊन चार लाद्या घेऊन गेला. ती बघत उभी राहिली. तिच्याच कनवटीचे पैसे घेऊन, तिलाही परकी समजून बर्फ विकावा, हे मला सुचलं नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. खोटं आहे ते. सुचलं होतं. नोकरी जाईल म्हणून घाबरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाँच आली, तोवर माल नासला होता. आठवड्याच्या आत वखारीला कुलूप लागलं. बाया कुठे पांगल्या, मी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

महिनाभराने मावशी डोक्यावर पाटी घेऊन खिडकीशी आली. आता ती दारोदार मासळी विकत होती. तिने फळीवर नाणी ठेवली.

"आता मी कंपनीची न्हाय. आता तरी दे."

मी उठून लादी फोडली. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.