सहा मोजेपर्यंत

आईचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये ताट हातात घेऊन रांगेत उभी होते. "सुजे, मामा गेला वं..." एवढंच ती बोलली. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला, तर "गाडी कोणती होती?" आज दीड महिना झाला, तो प्रश्न आठवला की माझी मलाच लाज वाटते. पण प्रल्हादमामाला ओळखणाऱ्या कोणीही हेच विचारलं असतं. मरण येतं ते रस्त्यावरूनच येतं, अशी त्याने आम्हा सगळ्यांची खात्री पटवून दिली होती. आणि तो स्वतः गेला कसा, तर दुपारी जेवला, दुकानासमोरच्या निंबाखाली बाजेवर आडवा झाला, मामी चहा घेऊन उठवायला गेली तर उठलाच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. ज्या दिशेला जन्मभर डोळे लावून बसला, तिकडून बिचाऱ्याला काहीच आलं नाही.

वडनेर भोलजीत, हायवेला लागून, मामाचं वेल्डिंगचं दुकान. गेट, खिडक्या, ट्रॉलीची फळकी, कूलरचे स्टँड, असली कामं. माणूस धिप्पाड, हात फावड्याएवढे, आणि भित्रा म्हणजे इतका की विचारू नका! गावातल्या गावात, बाजाराला जायचं तरी डोक्यात हेल्मेट. स्कूटर तीसच्या पुढे गेली की स्वतःलाच शिव्या द्यायचा. एसटीत बसला की आधी संकटकाळी बाहेर पडायची खिडकी शोधायचा आणि तिचा दांडा हलवून बघायचा. एकदा नांदुऱ्याच्या गाडीत त्याने तो असा हलवला की खिडकी बाहेरच पडली आणि कंडक्टरने सगळ्यांसमोर त्याची चंपी केली. गावातले लोक टिंगल करायचे. "प्रल्हादभौ, घरात झोपताना टोपडं काढता का नाही बे?" तो हसायचा. हेल्मेट मात्र काढायचा नाही.

मला हे भ्याडपण वाटायचं, आणि लहानपणी मी त्याला तसं तोंडावर बोललेही आहे. मग एकदा आईने सांगितलं की हायवेवर गाड्या एकमेकींवर गेल्या आणि आत माणूस अडकला, की पोलीस पहिल्यांदा मामाच्या दारात येतात. दरवाजे फाकवायला, पत्रा कापायला. वीस-बावीस वर्षं तो हे करत होता. पेट्रोल सांडलेलं असेल तर गॅस कटर पेटवता येत नाही, मग पत्रा उचकटायला सब्बल आणि कापायला हातकरवत. त्यातलं एकच तो मला बोलला, तेही मी पुरती मोठी झाल्यावर. व्हॅन होती, आत माझ्याच वयाचा एक माणूस, शुद्धीवर. "तो माह्यासंगं बोलून राह्यला होता, सुजे. नाव सांगतलं त्यानं. पट्टा अटकला होता, बाकी काईच नाही झालं होतं त्याले. म्या म्हनलं, थांब भौ, ब्लेड आणतो. मांगं वळलो अन्... सहा मोजाले जेवढा टाईम लागते ना, तेवढाच भेटला." एवढं सांगून तो उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

आणि अशा माणसाची मी भाची. शेगावला इंजिनीअरिंगला होते तेव्हा कॉलेजच्या मुलांनी स्पर्धेसाठी एक छोटी रेसिंगची गाडी बनवली. चारही चाकं बाहेर, मधे होडीसारखा चिंचोळा सांगाडा आणि त्यात झोपल्यासारखं बसायचं. चालवायला जो मुलगा ठरला होता, त्याचे गुडघे स्टिअरिंगखाली जाईनात. मग कोणाची तरी नजर माझ्यावर गेली. माझी उंची जेमतेम पाच फूट. तोवर मी फक्त काकांचा ट्रॅक्टर चालवलेला! पहिल्यांदा बसले, पट्टे आवळले गेले, मागे इंजिन धडाडलं आणि माझी पाचावर धारण बसली. क्लच सुटला आणि गाडी दोन गचके खाऊन बंद. पोरं हसली. दुसऱ्यांदा ती निघाली. मैदानाला एक फेरी मारून उतरले तेव्हा मला रडू येत होतं आणि पुन्हा कधी बसायला मिळेल, एवढंच मी विचारत होते. हे वेड मला तिथे लागलं.

मामाला सांगायचं धाडस महिनाभर होईना. शेवटी फोटोच दाखवला. त्याने चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला.

"याले मडगार्ड नाही?"

"नाही मामा."

"छत?"

"छतपण नाही."

"मंग हाय काय वं याच्यात? बंपर तरी?"

"नाही. दरवाजापण नाही."

मी शिव्यांची वाट पाहत होते. पण त्याने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "दरवाजाच नाही? हे बराबर केलं त्याईनं." दरवाजे माणसाला कसे धरून ठेवतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं! मग फार हळू आवाजात त्याने विचारलं, "पेटली तं किती वेळात निंघतं?" मी सांगितलं की त्याची परीक्षा असते, काही सेकंदांत पट्टे सोडून, स्टिअरिंग उपसून दोन्ही पाय जमिनीवर टेकवावे लागतात, त्याशिवाय गाडीत बसूच देत नाहीत. "त्यायचं त्याईले राहू दे," मामा म्हणाला. "माह्यं सहा. सहाच्या आत निंघून दाखव, मंग मी काई बोलत नाही."

पुढच्या आठवड्यात वडनेरला गेले, तर निंबाखाली पिंजरा उभा. पाण्याच्या जुन्या पाइपांना वाकवून, फोटोवरून मापं काढून, मामाने गाडीचा सांगाडा वेल्ड केला होता. भंगारातल्या गाडीची सीट, उपसून निघणारं स्टिअरिंग, ट्रकचे पट्टे. आत बसायचं, पट्टे आवळायचे. मामा पान्याने पाइपावर टण्‌कन ठोका मारायचा आणि मोजायला लागायचा. एक... दोन... पहिल्या दिवशी सहा झाले तेव्हा माझा एक पाय आतच होता. "जळाली," मामा म्हणाला. दुसरं काही नाही. उशीर झाला की "जळाली", आणि वेळेत निघाले की शाबासकी वगैरे काही नाही, फक्त "अखीन बस." पुन्हा बस. दिवसातून तीस-चाळीस वेळा. हायवेवरचे ट्रकवाले चहा पीत हा तमाशा बघायचे. माझ्या दंडांना निळे वळ उठायचे. एकदा चिडून मी म्हणाले, "मामा, तुले काय मजा येऊन राह्यली का?" मी वर पाहिलं तर त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि कपाळावर घाम. दर वेळी मोजताना तो तिथे, त्या व्हॅनपाशी उभा असायचा, हे मला फार उशिरा कळलं.

नोकरी लागली, सुट्ट्या साठवून मी दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर रेसिंग शिकायला गेले. डॉक्टरचा दाखला, लायसन, कोणाचा तरी वापरलेला, आगीत न जळणारा, विजारीला जोडलेला अंगरखा. तो मला टाचेखाली वीतभर लांब. वच्छलामामीने प्रेमाने पाय आखूड करून, मशीनवर सुरेख शिवून दिले. मामाने ते पाहिलं, शिलाईचा एक दोरा उपसला आणि काडी लावली. दोरा मेणासारखा वितळून त्याच्या बोटाला चिकटला. "कापड नाही जळणार वच्छला, तुही शिलाई पोरीच्या पायाले चिकटन!" मामी बिचारी रडकुंडीला आली. मग दोघं नवरा-बायको अंगणात बसून ब्लेडने टाका-टाका उसवत राहिले, आणि मी पहिली रेस त्या अंगरख्याचे पाय दुमडून पळाले. शेवटून दुसरी आले. मामाला फोन केला तर त्याने नंबर विचारलाच नाही. "निंघाली ना?" म्हणाला.

तिसऱ्या रेसला ते झालं. वळणावर पुढच्या गाडीने ब्रेक लावला आणि माझं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकावर चढलं. उघड्या चाकांच्या गाड्यांत ही भीती कायमची, चाकाला चाक लागलं की मागची गाडी हवेत. मला आभाळ दिसलं, मग जमीन, मग टायरांची भिंत. गाडी थांबली. आणि मी बसून राहिले... खरं सांगते, हातपाय माझे नव्हतेच. पेट्रोलचा वास येत होता, तो ओळखूही येत होता, आणि मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. मग कुठेतरी टण्‌कन वाजलं. एक. दोन. मामाचा आवाज. बोटं आपोआप बकलवर गेली, स्टिअरिंग निघालं, पाय निघाले. मी जमिनीवर पडण्याआधीच मागे भप्पकन गरम लागलं. डाव्या मनगटावर, हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये बोटभर जागा उघडी राहिली होती, तिथली कातडी गेली. बाकी काहीही नाही.

घरी मी कोणाला सांगितलं नाही. मामाला तर नाहीच. तो कोसळेल आणि मला थांबवेल, या दोन्हीची भीती. महिन्याभराने वडनेरला गेले, पट्टी दिसली, तर बेधडक सांगितलं, "तवा लागला." मामाने पट्टी सोडली, मनगट उजेडात धरलं, उलटंपालटं केलं. उभा जन्म ठिणग्यांत काढलेला माणूस. "तवा मोठा हाय वाटते तुह्या घरचा," एवढंच म्हणाला आणि मलम आणायला गेला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हटलं, पचलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात बसले. ठोका. एक, दोन, तीन, चार... "जळाली."

"मामा, चारच झाले!"

"आता चार."

"चारात माणूस निघत नाही मामा. काऊन चार?"

"निंघते. अखीन बस." कारण सांगितलंच नाही. मी तणतणले, म्हातारा झालास, चक्रम झालास, असलं काय काय बोलले. तीच आमची शेवटची भेट. त्या दिवशी दुपारपर्यंत एकदाच, फक्त एकदाच, मी चारात निघाले, आणि त्याने पान्याने स्वतःच्याच मांडीवर हळूच थाप मारली होती.

जलदान विधी झाला, पाहुणे पांगले, आणि मी दोन दिवस मामीजवळ राहिले. पिंजऱ्यावर मामीने लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी तिकडे बघायचं टाळत होते. मामी मोबाईल घेऊन आली, मामाचा, काच तडकलेला. "हे पाह्य," म्हणाली. ट्रॅकवर कोणीतरी काढलेला व्हिडिओ. माझी गाडी उडते, टायरांवर आदळते, थांबते. गावातल्या कोणीतरी मामाला धाडला होता, मी पट्टी बांधून वडनेरला जायच्या कितीतरी आधी.

"रोज पाहत थे, तुहे मामा," मामी म्हणाली. "मले म्हणत, वच्छला, तू मोज, माह्यानं मोजनं होत नाही. मी मोजून राह्यली अन् थे पाहून राह्यले. पाच म्हनलं का जाळ निंघते, सुजे. अन् तू सहाले निंघाली."

"मला का नाही सांगितलं? एका शब्दानं बोलला असता..."

"मले कसम घातली होती. म्हणे, तिले समजलं का मले माईत हाय, तं मले 'नको जाऊ' म्हणावं लागीन. अन् म्या म्हनलं तं थे पोरगी आयकीन. मंग जन्मभर भेत बसीन माह्यावानी."

मी किती रडले ते लिहीत नाही. ज्याला मी भित्रा म्हणत आले, तो सगळी भीती एकटा गिळून बसला होता, आणि मला त्याने त्यातून फक्त दोन आकडे कमी करून दिले होते. पुढच्या महिन्यात रेस आहे. मी नाव दिलेलं आहे आणि अजून मागे घेतलेलं नाही. पण तो व्हिडिओ पाहिल्यापासून झोपेतही हात बकल शोधतात. "मामी, मले भेव लागते," मी म्हणाले, मला माझं पुण्याचं मराठी तेव्हा सुचेना. "त्याईले बी लागे," मामी म्हणाली. मग ती उठली, पिंजऱ्यावरच्या मिरच्या सुपात गोळा केल्या, सीट पदराने झटकली आणि दुकानातून पाना घेऊन आली. "बस."

मी बसले. पट्टे आवळले. मामीला पाना पेलत नव्हता, दोन्ही हातांनी धरून तिने ठोका मारला. एक... दोन... तिचा आवाज कापत होता, पण मोजणं सरळ, सराव असल्यासारखं. तीन... चार... बकलमध्ये मिरचीचं देठ अडकलं होतं, माझा डावा पाय आतच राहिला. मी मान वर केली. मामीचे ओठ हलले, पण तो शब्द तिच्या तोंडून निघेना. तिने पदराने डोळे पुसले, बकलमधलं देठ काढून फेकलं आणि पाना पुन्हा उचलला.

"अखीन बस," मामी म्हणाली.