आज लाइन नाही

सुमनताई मॉडेमला हात लावून बघायच्या. तापानं फणफणलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तसा, तळवा उलटा करून. मग म्हणायच्या, "तापलाय. दमला असेल. जरा पडू दे त्याला." आणि खरोखर त्याचं बटण बंद करून त्यावर स्वतःचा रुमाल घालायच्या. रुमालानं तो आणखी तापतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं होतं. "तू गप रे मेल्या," एवढंच उत्तर मिळालं होतं.

मी तेव्हा रत्नागिरीतल्या आमच्या वाचनालयात नुकता लागलो होतो. माझ्याकडे कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट होतं आणि त्या कोर्सात मला काय आलं, काय नाही, हे तपासण्याइतकं समितीत कुणालाच कळत नव्हतं. या दोन गोष्टींच्या जोरावर माझी नेमणूक झाली. सुमनताई तिथल्या सहायक ग्रंथपाल. कुणीतरी देणगी म्हणून दिलेला कॉम्प्युटर कपाटांच्या मागे ठेवला होता आणि त्याच्या शेजारी तो मॉडेम. टेलिफोनच्या तारेतून तो नंबर फिरवायचा, बराच वेळ किंचाळायचा, खरखरायचा आणि मर्जी असेल तर इंटरनेट लागायचं. मशीन एक, फोनची लाइन एक आणि मेलचा पत्ताही सगळ्या वाचनालयाचा मिळून एकच. ज्यांची मुलं परदेशात, ते आईबाप त्याच पत्त्यावर मेल मागवायचे. दर शनिवारी दुपारी सुमनताई आलेले मेल छापून ज्याचे त्याच्या हातात द्यायच्या. ज्याचे डोळे अधू, त्याला वाचून दाखवायच्या.

लाइन लावून देणं माझ्याकडे होतं. पहिल्याच आठवड्यात मी तार चुकीच्या भोकात घातली आणि 'डायल टोन नाही' म्हणून टेलिफोन ऑफिसात जाऊन भांडून आलो. पुढे भिंतीतल्या सॉकेटमध्ये मुंग्यांनी घर केलं, तेव्हा मी सगळा कॉम्प्युटर खोलून ठेवला. मुंग्या सुमनताईंना दिसल्या, कारण त्या त्यांच्या चहाच्या कपापर्यंत आल्या होत्या. एकदा तर इंटरनेटचा नंबर भरताना माझ्याकडून शेवटचे आकडे उलटे पडले आणि आमचा मॉडेम सकाळभर एका वकिलांच्या घरी फोन करत राहिला. वकीलबाईंनी उचलला की त्यांच्या कानात किंचाळायचा. तक्रार घेऊन त्या तणतणत आल्या, आणि तासाभरानं वाचनालयाच्या सभासद होऊन दोन कादंबऱ्या घेऊन गेल्या. सुमनताईंनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे. मला मात्र म्हणाल्या, "तुझ्यामुळे सभासद वाढले. असाच चुकत जा."

शनिवारी मांडवीहून अण्णा पाध्ये यायचे. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, पाऊस असो नसो. त्यांचा मुलगा अमेरिकेत. त्याचा मेल कधी यायचा, बरेचदा यायचा नाही. एका शनिवारी अण्णा येऊन बसले आणि सुमनताई त्यांना म्हणाल्या, "अण्णा, आज लाइनच नाही हो. पाठवलाही असेल श्रीधरनं, पण येणार कुठून?"

मी टेबलाखाली तारा पुसत होतो. तिथून डोकं बाहेर काढून मी अभिमानानं सांगितलं, "आहे की लाइन. सकाळीच लावली मी. सगळ्यांचे आले, अण्णांचाच तेवढा नाही."

अण्णा उठले. छत्री उचलली, चपला घातल्या आणि गेले. सुमनताईंनी दारापर्यंत जाऊन ते पायऱ्या उतरेपर्यंत पाहिलं. परत आल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "तुला लाइन नीट करायला ठेवलंय. दवंडी पिटायला नाही."

"पण ताई, खोटं कशाला सांगायचं?"

"अरे, मशीनला दोष दिला तर त्याला राग येत नाही. रात्री त्याची झोप उडत नाही. ते आहे ना बसलेलं तिथे, घेऊ दे की त्याला थोडं अंगावर."

तेव्हा मला कळलं की आमच्या मॉडेमचे अर्धे बिघाड या बाईंनी केलेले होते. लाइन ठणठणीत असायची. पुढच्या शनिवारी अण्णा आले तेव्हा त्यांनी मला हाक मारली, "काय रे, बरं आहे का शिंचं तुझं मशीन?" मी मान खाली घालून म्हटलं, "पोलवर पाणी गेलंय अण्णा. सगळ्या आळीचीच गेलीय." अण्णांना बरं वाटलं. सुमनताईंनी रजिस्टरातून वर न बघता आपला अर्धा चहा माझ्याकडे सरकवला.

त्यांचा स्वतःचा मुलगा, अजित, मस्कतला होता. यजमान गेल्यावर त्यांनी एकटीनं वाढवलेला. सुरुवातीला त्याचे लांबलचक मेल यायचे. तिथली उष्णता, डब्यातली आमटी, खोलीतले सोबती, सगळं असायचं. ते मेल त्या इतरांसारखे छापायच्या नाहीत. सगळे गेले की पडद्यावरच वाचायच्या, ओठ हलवत, आणि तिथेच बसून एका बोटानं उत्तर लिहायच्या. मग मेल आखूड होत गेले. लग्न झालं, नोकरी बदलली, आणि 'कामात आहे, नंतर लिहितो' एवढं राहिलं. मग तेही थांबलं. फोन यायचा, गणपतीत आणि दिवाळीत, शेजाऱ्यांकडे. तो खुशाल होता. तब्येत चांगली, संसार चांगला. लिहीत नव्हता, एवढंच.

आणि एका शनिवारी सुमनताई मॉडेमवर हात ठेवून मला म्हणाल्या, "सुधीर, लाइन बघ रे जरा. काहीतरी घोटाळा आहे."

मी पाहिली. घोटाळा नव्हता. त्यांच्यादेखत मी आमच्याच पत्त्यावर एक मेल पाठवला. तो लगेच आला.

त्या विचार करून म्हणाल्या, "आपला आपल्याला येतो. बाहेरचा येत नसेल."

त्याच क्षणी श्रीधर पाध्येचा मेल उतरला. अमेरिकेतून, चांगला लांब. मी पडद्यावरची मेलची खिडकी बंद करायला गेलो, पण त्यांनी पाहिलं होतं. अण्णांना त्यांनी तो स्वतः वाचून दाखवला, खणखणीत आवाजात, मध्ये मध्ये "बघा, नातवाला दात आला" असं म्हणत. अण्णा गेल्यावर त्या पुन्हा माझ्याजवळ आल्या. "अमेरिकेची लाइन वेगळी असते ना रे? मस्कतची वेगळी असेल."

ज्या बाईनं सगळ्या गावाला लाइनचा बहाणा पुरवला, तिला माझ्याकडून तो नको होता. तिला खरोखरचा बिघाड हवा होता, स्क्रू काढून सापडणारा. मी 'असेल' म्हणालो आणि कामाला लागलो. चांगली तार काढून नवी घातली. सॉकेट बदललं. टेलिफोन ऑफिसात जाऊन, नसलेल्या बिघाडाची तक्रार लिहून दिली. लाइनमन आला, पोलवर चढला, उतरला आणि माझ्याकडे वेड्यासारखं बघून गेला. सुमनताई प्रत्येक वेळी खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. मॉडेम किंचाळायचा, लाल दिवे लागायचे, लाइन पहिल्या फटक्यात मिळायची. आयुष्यात एवढं बिनचूक काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं. एखादा तरी दिवा विझावा म्हणून मी देवाकडे बघत होतो.

मग समितीनं ब्रॉडबँड घ्यायचं ठरवलं. सगळे खूश झाले. फोन मोकळा राहणार, किंचाळणं बंद, लाइन जाण्याचा प्रश्नच नाही. सुमनताईंनी सभेत विचारलं, "कशाला? आहे त्यानं काय वाईट केलंय?" कुणी लक्ष दिलं नाही.

नवीन जोडणीचा माणूस आला त्या सकाळी त्या मला म्हणाल्या, "थांबव त्याला. एकदा लाव." मी लावली. शेवटचं किंचाळून घेतलं मॉडेमनं. मेलची पेटी उघडली. वधूवर सूचक मंडळाची एक जाहिरात होती. त्यांनी ती पूर्ण वाचली. मग चष्मा काढला.

"लाइन चांगली आहे रे," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून चांगलीच होती."

"हो ताई."

"काढ आता."

त्यानंतर त्या कॉम्प्युटरच्या खुर्चीत बसल्या नाहीत. शनिवारचं काम मला दिलं. निवृत्त होईपर्यंत पुस्तकं दिली-घेतली, पोरांना ओरडल्या, वकीलबाईंबरोबर कादंबऱ्यांवरून वाद घातले. अजितचं नाव त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. पुढे घरोघरी मोबाइल आले. त्यांनीही घेतला, आणि तो फडताळात ठेवायच्या.

यंदाच्या आंब्याच्या दिवसांत सुमनताई गेल्या. झोपेतच गेल्या. अजित दुसऱ्या दिवशी पोचला. बाराव्याला मी गेलो तो मनाशी वाक्यं जुळवूनच. त्याचे मेल थांबले तेव्हा माझ्या लाइनमध्ये काहीही बिघाड नव्हता, हे कुणाला तरी तोंडावर सांगायचं माझं राहून गेलं होतं.

तो मागच्या दारी एकटाच उभा होता. केस पांढरे झालेले. मला बघून म्हणाला, "तुम्ही सुधीर ना? आई लिहायची तुमच्याबद्दल. वकिलांच्या घरी फोन लागायचा ते वाचून आम्ही फार हसलो होतो."

"म्हणजे मेल मिळायचे तुम्हाला?"

"सगळे मिळायचे. लिहीत होती तोवर तिचा एकही शनिवार चुकला नाही." तो म्हणाला. "एवढं मोठं लिहायची, तर आपणही बसून नीट लिहावं वाटायचं. उद्या लिहू म्हणायचो. मग इतके दिवस झाले की लाजच वाटायला लागली. काय लिहिणार?"

जुळवलेली वाक्यं मी बाजूला ठेवली. आत जाऊन त्याच्यासाठी चहा आणला. त्यानं कप हातात धरला, प्यायला नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "ती वाट बघायची का हो?"

"छे," मी म्हटलं. "त्यांना वेळ कुठे होता? वाचनालयात माणसांची केवढी ये-जा असायची."