हागारची गोष्ट गाळायची नाही

ओतिमची आई आमच्या चर्चमध्ये एकोणीस वर्षं रविवारची शाळा घेत होती, बंडखोरांच्या भीतीनं गाव सोडून छावणीत होतो तेव्हासुद्धा. तिचं खरं नाव आचिरो. ओतिम तिचा थोरला. अकरा वर्षांचा असताना बंडखोरांनी त्याला शेतातून उचलून नेलं, तो परत आलाच नाही. तरी कुणी आचिरो म्हटलं तर ती वळायची नाही. "मी ओतिमची आई. ते नाव कुणी नेलेलं नाही," म्हणायची.

आठवडाभर तीळ वाटून किटगुमच्या बाजारात विकायची आणि रविवारी चर्चमागच्या आंब्याखाली पोरांना देवाचे करार शिकवायची. नोहाचा, अब्राहामाचा, मोशेचा, दाविदाचा. मी आत ढोल वाजवायचो. तिचा आवाज भिंत ओलांडून पाळकांच्या आवाजावर चढायचा.

"करार म्हणजे काय रे?"

"दिलेला शब्द!"

"देवानं कधी मोडला?"

"नाही!" हे 'नाही' इतकं दणदणीत असायचं की पाळकही उपदेश थांबवून हसायचे.

छावण्या उठून गावी परतल्यावर दोनेक वर्षांनी अनेनोचान नावाची नऊ वर्षांची मुलगी शाळेत येऊ लागली. तिच्या आईलाही बंडखोरांनी पळवलं होतं. मुलगी जंगलात जन्मली, बाप त्यांच्यातलाच कुणीतरी; मायलेकी नंतर सुटून आल्या. पोरं तिच्याशेजारी बसायची नाहीत. आणि खरं सांगायचं तर ओतिमची आईही तिला कधी पुढं बोलवायची नाही. मला एकदा म्हणाली, "हिच्याकडं बघितलं की वाटतं, हिच्या बापानंच तर नेलं नसेल माझ्या पोराला?"

एका रविवारी अब्राहामाची गोष्ट चालली होती. इसहाक जन्मला, मेजवानी झाली, आणि ती मोशेकडं वळणार तोच मागून अनेनोचान म्हणाली, "आजी, आणि तो दुसरा?"

"कुठला दुसरा?"

"अब्राहामाचाच, हागार दासीचा. इश्माएल. आई मला वाचून दाखवते. त्याला हाकलून दिलं, मग देव त्याला काय म्हणाला, ते तुम्ही सांगतच नाही."

ओतिमच्या आईनं हातातली चित्रं मिटली. इतक्या वर्षांत ती गोष्ट तिनं नेहमीच गाळली होती. त्या दिवशी शाळा लवकर सुटली.

पुढच्या रविवारी तिनं हागार सांगितली. पाणी संपलं, आईनं लेकराला झुडपाखाली टाकलं, त्याचं मरण बघवेना म्हणून लांब जाऊन बसली, आणि देवानं लेकराचा आवाज ऐकला. सांगताना तिचाच आवाज फाटला. मग सुगीच्या उपासनेसाठी पोरं अब्राहामाचं नाटुकलं बसवत होती, त्यात इश्माएलचं काम तिनं अनेनोचानला दिलं.

ही बातमी ओब्वोनांकडं पोचली. ते मंडळीचे प्रमुख, नात्यानं तिचे दीर. मी तिच्या झोपडीवर गवत शाकारत होतो, तेव्हा ते तरातरा अंगणात आले.

"ओतिमच्या आई, ती पोरगी वेदीसमोर उभी राहणार नाही."

"का? पाय दुखतायत तिचे?"

"थट्टा नको. माझे दोन भाऊ तिच्या बापासारख्यांनी मारले. माझी आई पहिल्या बाकावर बसते."

"मीही तिथंच बसते, भावजी. माझं कोण परत आलं?"

ते म्हणाले, "करार इसहाकाशी झाला. दासीच्या पोराशी नाही. स्पष्ट लिहिलंय."

"आणि त्याच अध्यायात खाली काय लिहिलंय? कराराची खूण, सुंता, त्या पोराच्याही अंगावर केली. तेरा वर्षांचा होता. दुखलं नसेल त्याला? खूण करायची आणि घरचा म्हणायचं नाही, ही कुठली रीत? नोहाच्या करारात तर गाढवंसुद्धा आहेत. गाढवाला जागा, आणि ह्या लेकराला नाही?"

"मग शाळा सोडा."

"चर्चचा आंबा तुमच्याकडं ठेवा. शाळा मी नेते."

चर्चच्या समितीनं तिच्याकडून चित्रं आणि हजेरीची वही काढून घेतली. तिनं अंगणात राखेनं चित्रं काढायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी चार पोरं आली, नंतर अकरा.

सुगीच्या उपासनेत लोक बाजरी, भोपळे, कोंबड्या घेऊन पुढं निघाले, तेव्हा ती त्या अकरा पोरांची रांग घेऊन दारातून आत आली. सर्वांत पुढं अनेनोचान.

ओब्वोना उठले. "थांबा!"

"अर्पण आणलंय, भावजी. अर्पण अडवायचा नियम दाखवा, लगेच परत जाते."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. पाळक जमिनीकडं बघत राहिले. मी ढोल थांबवला. अनेनोचान वेदीसमोर गेली आणि बारीक पण स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी इश्माएल. मी रडलो, ते देवानं ऐकलं."

ओब्वोनांनी आपल्या म्हाताऱ्या आईचा हात धरला आणि तिला घेऊन बाहेर पडले. त्यांच्यामागं आणखी चार घरं गेली. ती घरं अजून दुसऱ्या चर्चला जातात. ओतिमच्या आईला शाळा परत कुणी दिली नाही, तिनंही मागितली नाही. आज तिच्या अंगणात चाळीसच्या वर पोरं बसतात. अनेनोचान गुलू शहरात शिवणकाम शिकते.

मी ओतिमच्या आईला एकदा विचारलं, "ओतिमला नेणाऱ्यांना तू माफ केलंस का?"

"नाही," ती तीळ पाखडता पाखडता म्हणाली. "त्यांच्याशी माझं भांडण आहे, मरेपर्यंत राहील. पोरीचं त्यात काय?"