खाडीकाठचे उतारे

मी बी. ए. झालो तेव्हा आमच्या गावात दुसरं कोणी बी. ए. नव्हतं. पनवेलच्या खाडीवर आमचं मिठागर, घरात सगळी अंगठा उठवणारी माणसं, आणि त्यांच्यातून मी. ही गोष्ट मी अजून सांगतो. कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

तेव्हा श्रमदानाची हवा होती. कोणी रस्ते बांधत होतं, कोणी विहिरी उपसत होतं. आम्ही दर रविवारी खाडीचा काठ साफ करायचं ठरवलं. आम्ही म्हणजे मी, बंदरावरच्या मुसलमान दुकानदाराचा मुलगा, हायस्कुलात माझ्या बाकावर बसणारा माझा दोस्त, आणि येतो म्हणून न आलेले पुष्कळ. फुटकी मडकी, कुजलेली जाळी, पत्रावळी, बाटल्यांच्या काचा. गाव अनवाणी चालायचं, म्हणून काचा आधी.

एका अवसेनंतर काठावर उतारे दिसले. आजारी माणसावरून नारळ, लिंबू, भात, अंडं ओवाळायचं आणि पाण्याकडेला नेऊन ठेवायचं, म्हणजे आजार त्याच्याबरोबर जातो. मात्र जो कोणी त्याला हात लावील त्याला तो आजार धरतो. त्यामुळे उतारा तिथेच कुजायचा.

दोस्ताने टोपली खाली ठेवली. "आमच्यात हे मानत नाहीत," तो म्हणाला.

"मग उचल."

"मानत नाहीत म्हटलं. उचलतात असं कुठं म्हटलं?"

मी उचलले, सगळे. पदवीचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा होता.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आईने मला उंबऱ्याबाहेर थांबवलं आणि अंगणातच डोक्यावर घागर ओतली.

"शेजारच्या काकीच्या सुनेचा ताप तू उचलून आनलास," ती म्हणाली. "माझी दोन पोरं तापानंच गेली. तू एकटा रायलास."

"आई, ते नारळ आणि भात होते."

"नारलाचा माला नको सांगू. पुढच्या अवसेपरेंत तुला काय झाला, तर खाडीवर परत पाय टाकायचा नाय. बोल, हाय कबूल?"

मी कबूल केलं. म्हणजे आता काठ साफ होणं न होणं माझ्या तब्येतीवर आलं.

आई माझ्या भाकऱ्यांवर नजर ठेवू लागली. काकी रोज सकाळी कुडावरून विचारायची, "बाला, ताप आला काय?"

"नाही, काकी."

"नाय?" तिच्या आवाजात काळजी असायची. ती माझी नव्हती. ताप माझ्याकडे आला नसेल, तर तो अजून तिच्याच घरात असणार.

अशात मला सर्दी झाली. शिंक आली की मी मिठागराच्या पार टोकाला जायचो आणि बगळ्यांसमोर शिंकायचो. एकदा आईने चुलीवर मिरच्या भाजल्या, सगळं घर शिंकायला लागलं. तेव्हा मीही सगळ्यांबरोबर मनसोक्त शिंकून घेतलं.

पुढे काकीची सून बरी झाली. दवाखान्यातल्या कोयनेलच्या गोळ्या तिने घेतल्या होत्या, पण कोयनेलचं नाव कोणी काढलं नाही. गावाने ठरवलं की ताप माझ्या अंगात शिरला आणि तिथे मेला. शिकलेल्या माणसाचं रक्त कडू असतं, असंही कारण निघालं.

पुढची अवस झाली. मी धडधाकट होतो. सकाळी काठावर गेलो तर उतारेच उतारे, गेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त. पलीकडच्या गावचे लोक होड्या घेऊन आले होते. मला फार वाकावं लागू नये म्हणून काहींनी उतारा विटेवर ठेवला होता. काकीने या खेपेला आपल्या गुडघ्यांचा आणला होता. माणसं अंतर राखून उभी होती, रेशनच्या दुकानातला माल कधी सुटतो याची वाट पाहावी तशी.

"आपण कचरा कमी करायला निघालो होतो ना?" दोस्ताने विचारलं.

मी वाकणार तेवढ्यात आई मागून आली आणि आडवी उभी राहिली.

"आजार तुमचे, पोरगा माझा," ती लोकांना म्हणाली. "फुकट उचलायचा नाय तो. ज्याचा उतारा त्यानं झाडू घेऊन काठ झाडायचा. नसंल झाडायचा, तर आपला उतारा उचला नि परत घरी घेऊन जा."

परत न्यायची कोणाची छाती नव्हती. मग काकीने गुडघे धरत खाली बसून काचा वेचायला सुरुवात केली. पाठोपाठ होडीवाले उतरले. माझ्या भाषणांना कधी न आलेली माणसं दुपारपर्यंत काठ झाडत होती, कोपरा सुटला की आई ओरडत होती.

मी टोपली घेऊन उतारे उचलत गेलो. प्रत्येक उताऱ्यानंतर आई जवळ यायची, पालथा हात माझ्या कपाळाला लावून बघायची आणि मग म्हणायची, "हां, दुसरा घे."