नानांचा इंग्रजीचा तास

त्या वर्षी सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं आणि आमच्या घरातली शांतता गेली. माझे वडील, म्हणजे नाना, पेठच्या बाजूला डोंगरातल्या एका गावात पहिली-दुसरीचे गुरुजी होते. रोज नाशिकहून एसटीने जायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मॅट्रिकला पस्तीस मार्क मिळवून आपण इंग्रजीला ठोकलेला रामराम कायमचा, अशी त्यांची समजूत होती.

जानेवारीत मी बंगलोरहून आठ दिवसांच्या रजेवर घरी आले. आईने चहाचं आधण ठेवता ठेवताच सांगून टाकलं, "इंग्रजीच्या तासाला हे पोरांना झाडांना पाणी घालायला लावतात. झाडं वाढली, इंग्रजी काही वाढेना. आता म्हणतात, राजीनामाच देतो."

नानांना विचारलं तर म्हणाले, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पोरांना वाटतं, गुरुजींना सगळं येतं. त्यांच्यापुढे चुकलो तर उद्या पाढे तरी कशाला ऐकतील माझे?"

छत्तीस वर्षं शिकवलेला माणूस सहा वर्षांच्या पोरांना घाबरतो, याचा मला संताप आला. तसा मला संताप यायला फार काही लागत नाही. मी म्हटलं, "उद्यापासून मी येते." नाना एकदम खूश. पोरांच्या मागे बसून शिकायचं त्यांनीच आहे, हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी एसटीत सांगितलं, म्हणजे उतरून परत जाता येणार नाही.

थंडीमुळे वर्ग अंगणात, उन्हात भरायचा. बस्करपट्ट्यांवर तीस पोरं आणि मागे खुर्चीवर नाना, हातात उगाचच हजेरीपट. मी नाकावर बोट ठेवलं, "टच युअर नोज," म्हटलं आणि सवयीने चष्मा वर सरकवला. तीसही जणांनी नाकाला हात लावला आणि नसलेला चष्मा वर सरकवला. मला वाटलं, नक्कल करतायत. रागावणार तेवढ्यात त्यांचे चेहरे पाहिले. सगळे अगदी गंभीर. इंग्रजी बोलायचं तर हेही करावं लागतं, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

पुढचे चार दिवस एकही इंग्रजी वाक्य त्याशिवाय झालं नाही. डोक्यावर मोळी घेऊन कुंपणाजवळून जाणारी एक बाई थांबली आणि काळजीने म्हणाली, "गुरुजी, पोरांच्या डोळ्यांना काय झालं वो?" नाना इतके हसले की हजेरीपट खाली पडला. त्यांना असं हसताना मी कित्येक वर्षांनी पाहत होते आणि मला फार बरं वाटलं.

परतीच्या एसटीत ते खिडकीकडे तोंड करून कान, खांदा, कोपर असं एकेकाला हात लावत पुटपुटायचे. कंडक्टरला तिकिटासाठी दोनदा हाका माराव्या लागत.

रजेच्या शेवटच्या दिवशी मी घरातून निघतानाच सांगितलं, "आजचा तास तुमचा." नाना म्हणाले, "मी नाही घेणार." मी म्हटलं, "मग राजीनामा आजच द्या." मी जरा जास्तच बोलले होते आणि ते मला कळत होतं. पण शाळेत पोचल्यावर मी मुकाट्याने मागच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि नानांना पुढे उभं राहण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

त्यांनी टोपी सारखी केली. आवाज पाढ्यांच्या वेळचा नव्हता. पण नाक झालं, कान झाला, डोकं झालं. पोरं हात लावत गेली. खांद्याला आवाज चढला. मग नाना वाकले, गुडघ्यावर हात ठेवला आणि तसेच राहिले. शब्द येईना. तीस पोरं आपापल्या गुडघ्यावर हात ठेवून थांबली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. नानांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, संपलं, आता हे मान वर न करता ऑफिसात जातील आणि कागद मागतील.

पहिल्या रांगेतली पहिलीची एक मुलगी उभी राहिली. "गुरुजी, मला येतंय. सांगू?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. "सांग बाळा."

"नी."

"परत सांग."

"नी. टच युअर नी."

"टच युअर नी," नाना मोठ्याने म्हणाले. कुणीही हसलं नाही. मुलीने मान डोलावली आणि उत्तर बरोबर आल्यावर वर्गात जे म्हणतात तेच म्हणाली, "शाब्बास. बसा खाली."

आणि नाना बसले. धोतर सावरून, तिच्या शेजारी, बस्करपट्टीवर. माझे डोळे भरून आले होते. तिच्याकडे मान वळवून त्यांनी विचारलं, "आता पुढचं काय, बाई?"