राखी न बांधलेली मावसबहीण

सेंगकांगच्या त्या केसचा विषय निघाला, की मी आजही खुर्चीत ताठ बसतो. माझी सगळी नोकरी सिंगापूर पोलिसांत झाली. चोऱ्या, मारामाऱ्या, फसवणुकी पुष्कळ पाहिल्या. पण आवाज न चढवता, केवळ आईने लावलेल्या घरच्या रीतीभातींच्या जोरावर सुटलेलं प्रकरण ते एकच. त्यात एका वीस वर्षांच्या मुलीचं पुढचं आयुष्य पणाला लागलं होतं.

माझे वडील रत्नागिरीहून इथल्या बंदरात नोकरीला आले. मी इथेच जन्मलो, पण आईने घरात मराठीशिवाय दुसरं काही चालू दिलं नाही. आमच्या पोलीस ठाण्यात मराठी येणारा अधिकारी मी एकटाच होतो, आणि हे मी वेळोवेळी सगळ्यांना ऐकवतही असे.

दोन हजार पंधराच्या आसपासची ही गोष्ट. राखीपौर्णिमा नुकतीच झाली होती. सेंगकांगमधल्या एका निवृत्त चिनी शिक्षिकेने ठाण्यात फोन केला. शेजारच्या भारतीय कुटुंबात एक तरुण मुलगी राहायला आली आहे आणि ती एकटी कधीच बाहेर दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय त्या मुलीने लिफ्टपाशी त्यांना मोडक्या इंग्रजीत विचारलं होतं, की आपला पासपोर्ट दुसऱ्याने कुलपात ठेवला तर चालतो का. खबर एवढीच होती. कुटुंबाचं आडनाव मराठी, म्हणून कागद माझ्या टेबलावर आला.

माझ्या मलय सहकारी बाईंना बरोबर घेऊन मी त्या फ्लॅटवर गेलो. नवरा तांजोंग पगारच्या एका ऑफिसात आयटी मॅनेजर, बायकोही इंजिनिअर, दोघं पुण्याचे. सहा वर्षांचा एक मुलगा. ती मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"ही माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. फिरायला आलीय," बाई इंग्रजीत म्हणाल्या.

मी मराठीत उत्तर दिलं, तसे नवऱ्याचे खांदे सैल झाले. "अरे वा, साहेब, तुम्ही तर आपलेच निघालात. बसा ना, चहा घेऊनच जा."

चहा करायला गेली ती मुलगी. तिचा पासपोर्ट बाईंनी आपल्या कपाटातून काढून दिला. व्हिसा पाहुण्याचा होता आणि मुदतीतला होता. मुलीला विचारलं, तर तीही मान खाली घालून म्हणाली, "हो, मावशीकडे आलेय." कागद चोख, जबाब सारखे. दुसरा कोणी असता तर चहा पिऊन परतला असता.

तेवढ्यात मुलगा माझ्या पट्ट्यावरचा वॉकीटॉकी बघायला जवळ आला. त्याच्या मनगटावर कार्टूनचं चित्र असलेली राखी होती, मळून काळी झालेली.

"कोणी बांधली रे?" मी विचारलं.

"पुण्याच्या ताईने पोस्टने पाठवली, ला. मम्मी हेल्प मी टाय." इथल्या सगळ्या मुलांसारखा तोही वाक्यामागे 'ला' लावून बोलत होता.

"आणि या ताईची राखी कुठे आहे?"

"धिस ताई नेव्हर टाय."

त्याच्या आईने त्याला चटकन जवळ ओढलं. माझ्या सहकारी बाईंना काय झालं ते कळेना, पण त्या घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांना कळलं होतं. पुण्यातली बहीण आठवणीने पोस्टाने राखी पाठवते आणि त्याच घरात राहणारी सख्खी मावसबहीण बांधत नाही, हे मराठी घरात घडत नाही. बहिणी भांडलेल्या असल्या तरी घडत नाही.

"अहो, आम्ही हे सगळं एवढं मानत नाही," नवरा घाईने म्हणाला.

मी मुलाच्या मनगटाकडे बघितलं आणि चहाचा पेला खाली ठेवला. नियमाप्रमाणे सगळ्यांचे जबाब वेगवेगळे घ्यायचं ठरवलं आणि मुलीला ठाण्यात आणलं.

सहकारी बाई शेजारी बसल्या होत्या. मुलगी पुन्हा तेच पाठ केलेलं वाक्य बोलली, मावशीकडे आलेय. खरं बोललीस तर पोलीस तुलाच आत टाकतील, असं त्या घरच्या बाईंनी तिला बजावलेलं होतं. मी म्हटलं, "बाळा, तुला सोडवीन असं वचन मी देऊ शकत नाही. पण खोट्या जबाबावर मी तुझी सही घेणार नाही. तू राखी का बांधली नाहीस, एवढंच सांग."

तिचा बांध फुटला. "मी बांधणार होते, काका. काकू म्हणाल्या, राहू दे, उगाच नाती लावायची सवय नको. मग घरच्यासारखी म्हणून आणलं कशाला?" खोट्या मावशीची आता काकू झाली होती.

मुलगी कोल्हापूरची. जर्मनीला ओ-पेअर म्हणून जायचं या जिद्दीने ती जर्मन शिकत होती. ही पद्धत युरोपातली. तरुण मुलगा किंवा मुलगी परक्या कुटुंबात राहते, त्यांची मुलं सांभाळते, घरात थोडा हातभार लावते. बदल्यात स्वतःची खोली, जेवण, हातखर्च, भाषेच्या वर्गाला वेळ आणि सुट्टीचा दिवस मिळतो. कामाचे तास आधीच लेखी ठरतात. ओळखीतून कळल्यावर या बाईंनी तिला सांगितलं, की आधी आमच्याकडे ओ-पेअर हो, इंग्रजी सुधारेल, अनुभव मिळेल. प्रत्यक्षात केर-फरशीपासून स्वयंपाकापर्यंत सगळं तिच्या गळ्यात पडलं. वर्ग नाही आणि सुट्टीही नाही.

सिंगापूरमध्ये ओ-पेअरचा पासच नव्हता. घरकामाचं परमिट होतं, पण त्याला तेवीस वर्षं पूर्ण लागायची, त्यात तिचं वय बसत नव्हतं. म्हणून तिला भाची केलं गेलं. आता विनापरवाना काम केल्याचा ठपका तिच्यावरच आला असता. पासपोर्टला तो डाग लागला की जर्मनी संपलीच.

बाईंनी शेवटी कबूल केलं. त्या मुळात दुष्ट नव्हत्या, हेही सांगायला हवं. "बाळंतपणाला, आजारपणाला नात्यातली मुलगी येऊन राहतेच की आपल्याकडे. त्यात गुन्हा कसला?" त्या खरंच कळवळून विचारत होत्या.

"मॅडम, नात्यातली मुलगी येते तेव्हा सणाला तिला पाटावर बसवतात," मी म्हटलं. "तुम्ही नात्यातलं काम तेवढं घेतलंत."

त्यावर त्या रडल्या, पण वाद घातला नाही.

प्रकरण पुढे मनुष्यबळ मंत्रालयाकडे गेलं, कारण परमिटचा विषय त्यांचा. माझं काम तिथे संपत होतं, पण मी संपू दिलं नाही. मुलगी फसवली गेली आहे आणि पहिली संधी मिळताच खरं बोलली आहे, हे मी अहवालात स्वच्छ लिहिलं आणि तिथल्या अधिकाऱ्याला जाऊन भेटलोही. नवराबायकोला दंड झाला. मुलीला साक्षीदार मानलं गेलं. जबाब देताना तिने एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. समोर काकू बसल्या असतानाही आवाज कापला नाही. तिच्यावर कारवाई झाली नाही, ती कोल्हापूरला परत गेली. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तिचा त्याहून जास्त.

त्यानंतर मी हाताखालच्या नव्या अधिकाऱ्यांना एक गोष्ट सांगायचो. घरात कोण कोणाचं लागतं हे तोंडी विचारू नका, तेवढं सगळे पाठ करून ठेवतात. सणाच्या दिवशी ते माणूस कुठे होतं, ते विचारा. मलय असो, चिनी असो की तमिळ, प्रत्येक घरात याचं उत्तर मिळतं.

निवृत्त झाल्यावर एकदा बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे आपल्या खाऊगल्लीसारख्या जागी, मित्रांबरोबर कॉफी पीत होतो. परदेशी नंबरवरून फोन आला. ती कोल्हापूरची मुलगी जर्मनीहून बोलत होती. व्हिसाच्या मुलाखतीत तिने सिंगापूरची सगळी हकीकत स्वतःहून सांगितली होती. आता एका कुटुंबात दोन मुलींना सांभाळत होती आणि त्या तिच्या उच्चारांना हसत होत्या.

मी तरीही घाईने विचारलं, "सगळं ठीक आहे ना? काही अडचण आहे का?"

"नाही हो, काका. आज माझी सुट्टी आहे. वेळ होता, म्हणून फोन केला."

मी डोळे पुसले आणि सगळ्या टेबलाला माझ्यातर्फे दुसरी कॉफी मागवली.